जुन्या मोटारीची खरी किंमत

घरात माणसे पाच. त्यांत आजीचे गुडघे दुखतात, दोन मुले वाढत्या वयाची आहेत, आणि वर्षाकाठी दोन-तीन वेळा तरी लग्नकार्यासाठी किंवा कुलदैवताच्या दर्शनासाठी तीनशे-चारशे किलोमीटरांचा प्रवास ठरलेला. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे निम्मे गणगोत महाराष्ट्रात असते. तेव्हा हा प्रवास टळत नाही. अशा कुटुंबाने पाच लाख रुपये साठवून मोटार घ्यावयाचे ठरविले म्हणजे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. तेवढ्या रकमेत अगदी लहान पण नवी मोटार येईल, किंवा सात-आठ वर्षे वापरलेली, मागे तीन माणसे मोकळेपणी बसतील अशी मोठी सेडान येईल. दुसरी वाट मोहाची आहे आणि पुष्कळदा शहाणपणाचीही आहे. मात्र त्या वाटेवर पाच लाखांची मोटार पाच लाखांना पडत नाही. ही गोष्ट सौद्यापूर्वी ध्यानात आली तर ठीक. नंतर आली तर तिची झळ घरखर्चाला लागते.

सेडान म्हणजे तीन कप्प्यांची मोटार. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे सामान, असे तीन भाग बाहेरूनही निरनिराळे दिसतात. जुन्या पिढीला हा घाट अँबेसिडरमुळे परिचयाचा आहे. पुढे २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरांहून कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क उतरविण्यात आले, आणि त्याचा एक चमत्कारिक परिणाम झाला. कारखानदारांनी सेडानची शेपटी छाटून ती चार मीटरांत बसविली. मारुतीची डिझायर २०१२ मध्ये अशीच आखूड होऊन ३,९९५ मिलिमीटरांची झाली. या आखूड सेडानी वाईट नव्हेत. शहरात त्या सोयीच्या आहेत, आणि टॅक्सीवाल्यांनी त्या उगाच पसंत केलेल्या नाहीत. परंतु पूर्ण लांबीच्या सेडानचा आराम त्यांत नाही. डिझायरच्या २०१७ च्या आवृत्तीत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,४५० मिलिमीटर आहे आणि डिकी ३७८ लिटरांची. त्याच कंपनीच्या सियाझमध्ये ते अंतर २,६५० मिलिमीटर, आणि डिकी ५१० लिटरांची. टोयोटाच्या कोरोला अल्टिसमध्ये तर हे अंतर २,७०० मिलिमीटर आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. या वीतभर जागेचा मोठा हिस्सा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे येतो, आणि पुण्याहून इंदुरापर्यंत पाय मुडपून बसलेल्या आजीबाईंना त्याची किंमत कोणी वेगळी सांगावी लागत नाही.

एवढा आराम स्वस्तात का मिळतो, याचे कारण मोटारीत नसून लोकांच्या आवडीत आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत उंच बांध्याच्या मोटारींची हौस वाढली आणि सेडानचे गिऱ्हाईक ओसरले. होंडा सिव्हिक आणि कोरोला अल्टिस यांची विक्री भारतात २०२० मध्ये थांबली. ह्युंदाईची एलान्ट्रा २०२२ मध्ये गेली, स्कोडाची नेहमीची ऑक्टेव्हिया २०२३ मध्ये आणि सियाझ २०२५ मध्ये. १९९८ पासून येथे असलेली होंडा सिटी व ह्युंदाईची व्हर्ना अशी थोडीच नावे उरली आहेत. जिची मागणी उतरली तिची जुन्या बाजारातील किंमतही उतरते. हा ग्राहकाचा लाभ. तोटा असा, की बंद झालेल्या मोटारीचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जातात. तेलाची गाळणी, ब्रेकचे पॅड, पट्टे या रोजच्या वस्तू वर्षानुवर्षे मिळत राहतात. परंतु पुढचा दिवा, दाराचा पत्रा, मागची काच किंवा एखादी विजेची पेटी मागवून आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून मोटारीचे नाव निवडण्यापूर्वी राहत्या गावापासून तिचे गॅरेज किती दूर आहे ते पाहावे. हैदराबादेत किंवा इंदुरात जी मोटार निर्धास्त घेता येईल, तीच बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी गळ्यातले लोढणे ठरते. सियाझसारख्या मोटारीचे इंजिन त्याच कंपनीच्या इतर मोटारींतही बसविलेले असल्यामुळे गावचा मिस्त्रीही ते उघडू शकतो. अल्प अंदाजपत्रकाच्या कुटुंबाने थोडा रुबाब सोडून अशी मोटार पत्करावी, हे बरे.

आता पैशाचा विचार. विक्रेता बहुधा आपल्या जुन्या बिलाचा आकडा प्रथम सांगतो: "बारा लाखांची गाडी आहे, साहेब, साडेपाचला देतो." या बाराचा ग्राहकाशी काही संबंध नाही. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकात मोटारीचे मूल्य दुसऱ्या वर्षात वीस टक्के, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास टक्के उतरलेले धरतात. पाच वर्षांपुढे कोष्टकच संपते आणि मूल्य दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरांहून लांब सेडानवर कर आणि उपकर मिळून पूर्वी ४५ टक्के किंवा त्याहून अधिक भार पडत असे, तो ४० टक्क्यांवर आला; लहान पेट्रोल मोटारींवरचा २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी मोटार स्वस्त झाली म्हणजे जुनीचीही किंमत खाली यावयास हवी. तेव्हा तुलना करावयाची ती विक्रेत्याच्या बिलाशी नव्हे, तर तशाच मोटारीच्या आजच्या नव्या किमतीशी.

पाच लाखांपैकी चार लाखच मोटारीला द्यावेत आणि एक लाख हाताशी ठेवावा, असा हिशेब धरला तर तो फारसा चुकत नाही. सेडानचे चार नवे टायर वीस ते तीस हजारांच्या घरात जातात. बॅटरीला पाच ते आठ हजार लागतात. क्लच झिजला असेल तर तो बदलावयास मजुरीसह बारा-पंधरा हजार सहज पडतात. शिवाय सर्व तेले बदलणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर व त्यांचे रबरी बुश, विम्याचा हप्ता, परिवहन कार्यालयाचे शुल्क, आणि मोटार दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथला कर. यांपैकी सर्वच खर्च प्रत्येक मोटारीस लागत नाहीत. पण यांपैकी एकही लागत नाही अशी सात वर्षांची मोटार क्वचितच सापडते. जे कुटुंब पाचच्या पाच लाख विक्रेत्याच्या हाती देऊन मोकळे होते, ते पहिल्याच पावसाळ्यात गुळगुळीत टायरांवर घाट उतरते. कारण टायरांसाठी पैसा उरलेला नसतो. जुन्या मोटारीच्या व्यवहारातील खरा धोका हा आहे. तेथे प्रश्न केवळ रुपयांचा राहत नाही.

मोटार पाहावयास सकाळी जावे, आणि इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने ते आधीच सुरू करून ठेवले असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन आपले दोष लपवू शकत नाही. सुरू करताना खडखड होते काय, सायलेन्सरमधून येणारा धूर कोणत्या रंगाचा आहे, हे पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर ती वाफ असते; इंजिन तापल्यावरही तो राहिला तर थंड करणारे पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो, आणि ती दुरुस्ती महागडी. काळा धूर इंधन नीट जळत नसल्याची खूण आहे. त्यानंतर दहा-बारा किलोमीटर तरी मोटार चालवावी, आणि ती केवळ डांबरी सडकेवर नव्हे. खड्ड्यांतून, चढावरून, गतिरोधकांवरून चालवावी. सरळ रस्त्यावर चक्र सैल धरले असता मोटार एका बाजूस ओढते काय, ब्रेक दाबताच चक्र थरथरते काय, दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही असे होते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ काही सांगून जातात.

रंगाची पाहणी भर उजेडात करावी, तीही बाजूने वाकून. अपघातात चेपलेला पत्रा ठोकून रंगविला तर त्याची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळत नाही, आणि दोन पत्र्यांमधील फट एका टोकास रुंद, दुसऱ्या टोकास अरुंद दिसते. बॉनेट व दारे ज्या बोल्टांनी बसविलेली असतात त्यांच्यावर पाना फिरल्याच्या खुणा असल्या तर ते भाग कधी तरी उघडलेले आहेत. काचांवर कारखान्याच्या वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी तीन वर्षांनंतरची असेल तर का, ते विचारावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ३५१९ याचा अर्थ २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरचे रबर कडक झालेले असते.

हे सारे ज्यास स्वतः पाहता येत नाही त्याने आपला मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याचे पैसे आधीच द्यावेत. 'सौदा झाला तर देऊ' असे सांगितलेल्या मिस्त्रीला सौदा व्हावा असेच वाटणार.

पुरात बुडालेल्या मोटारींचा विचार येथे थोडा विस्ताराने करावयास हवा, कारण हा विषय या भागांतील लोकांच्या अगदी दाराशी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने बडोद्यात घरे आणि वाहनतळ भरून टाकले. अशा प्रत्येक पुरानंतर ज्या मोटारींचा विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान म्हणून निकाल लावला, त्यांपैकी काही लिलावात विकल्या जातात, धुऊन-पुसून चकचकीत होतात आणि दुसऱ्या गावच्या बाजारात उभ्या राहतात. इंजिन दुरुस्त होते. पण मोटारीतील विजेच्या तारा आणि त्यांचे जोड एकदा चिखलात भिजले की आतून गंजत राहतात. मग कधी दिवे लागत नाहीत, कधी खिडकीची काच अर्ध्यावर अडकते, आणि धक्क्याच्या वेळी हवेची उशी फुगेलच याची शाश्वती राहत नाही. म्हणून आसनाचा सुरक्षापट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावर चिखलाचा डाग धुणाऱ्याच्या हातून बहुधा राहून जातो. डिकीतील जादा चाक उचलून त्याखालची खोबण पाहावी, गालिच्याची कड उचलून हुंगावी, आसनांच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे काय ते पाहावे. मोटारीत सुगंधी अत्तराचा फार दरवळ असेल, तर तेवढ्याच फार संशयाने नाक पुढे करावे. गोव्यात आणि कोकणपट्टीत पूर न येताही समुद्राची खारी हवा मोटारीचा तळ खाते. तेथली मोटार असल्यास ती गॅरेजात वर उचलून खालून पाहिल्याखेरीज पुढे बोलूच नये.

किलोमीटर दाखविणाऱ्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा? आठ वर्षांची मोटार चाळीस हजार किलोमीटर चालली, हे अशक्य नाही. निवृत्त गृहस्थाच्या मोटारीचे असेही होते. परंतु तो आकडा मागे फिरविण्याची विद्या या देशात सर्वत्र पसरलेली आहे. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल, सुकाणूचक्राचे आवरण चकाकत असेल आणि चालकाच्या आसनाची उजवी कड बसली असेल, तर चाळीस हजार हा आकडा खरा मानणे कठीण आहे. कंपनीच्या अधिकृत गॅरेजात प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवसाचा आकडा नोंदलेला असतो. मालकाला बरोबर नेऊन ती नोंद मागावी. ती दाखविण्यास जो मालक कां-कू करतो त्याची मोटार तेथेच सोडावी.

इंधनाची निवड रोजच्या चालीवर अवलंबून आहे. एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे प्रदूषणमान लागू झाले, आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती गाळणी साफ होण्यासाठी मोटार अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. रोज शाळा, मंडई आणि कचेरी एवढेच चालणाऱ्या मोटारीत ती तुंबते. ज्याचे महिन्याचे चालणे थोडे आहे त्याने डिझेलच्या स्वस्ताईला भुलू नये; पेट्रोल घ्यावे. पेट्रोलमध्येही आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुसंख्य मोटारी एवढ्या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्या चालतात, तथापि मायलेज किंचित घटते आणि जुन्या मोटारीत इंधनाच्या रबरी नळ्या व पॅकिंग केव्हा तरी बदलावी लागतात. गॅसची टाकी मागाहून बसविलेली असेल तर तिची नोंद आर. सी. पुस्तकात आहे काय ते पाहावे. आणि ज्या डिकीसाठी सेडान घ्यावयाची, तीच डिकी त्या टाकीने भरून जाते, हेही ध्यानी घ्यावे.

यंत्राची परीक्षा येथे संपते. पुढची परीक्षा कागदांची, आणि राज्याच्या सीमेजवळ राहणाऱ्यांना नेमकी हीच अधिक जड जाते.

असे समजा, की बेळगावच्या एका गृहस्थाने पुण्याच्या भाच्याची सेडान घेतली. भाचा म्हणतो, "मामा, गाडी घरचीच आहे. नावावर करण्याचे पुढे सावकाश पाहू." मामांनाही ते पटते. पैसे दिले जातात, पेढे वाटले जातात, आणि एम. एच. १२ ची पाटी मिरवीत मोटार बेळगावात फिरू लागते. येथे कोणाचीही लबाडी नाही. उलट मायेचाच व्यवहार आहे. परंतु कायद्याला माया कळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमानुसार विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांच्या आत, आणि राज्याबाहेर विकल्यास पंचेचाळीस दिवसांच्या आत, नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयास हवे. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयास हवे. ते न केल्यास काय होते, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निवाड्यावरून कळते. एक मोटार विकली गेली, पुढे हातोहात आणखी काहींकडे गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. मग तिच्यामुळे अपघात होऊन एक बालक दगावले. न्यायालयाने असे ठरविले, की भरपाईच्या दाव्यापुरता मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. अपघात झालेल्याच्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीतील एकेका दुव्यामागे धावत सुटावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. म्हणजे बेळगावात मामांच्या हातून काही अघटित घडले आणि त्या दिवशी विमा संपलेला असला, तर भरपाईचा बोजा पुण्याच्या भाच्याच्या माथी येतो. आणि मोटारीचेच नुकसान झाले तर? विमा भाच्याच्या नावाचा, मोटार मामांची. स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा मोठा धोका असतो. कायद्याच्या १५७ व्या कलमाने त्रयस्थाच्या भरपाईचा विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. परंतु विम्याचे पत्र स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी त्याने चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. दावा न केल्याबद्दल जी सवलत, म्हणजे 'नो क्लेम बोनस', मिळते ती मोटारीबरोबर येत नाही. ती जुन्या मालकाचीच राहते. ही सवलत पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणून नव्या मालकाचा हप्ता एकाएकी वाढलेला दिसतो.

दुसऱ्या राज्यातील मोटारीस आणखी एक पायरी असते. विकणाऱ्याने आपल्या परिवहन कार्यालयाकडून अट्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला घ्यावयाचा. विक्रीसाठी एकोणतीस आणि तीस क्रमांकांचे नमुने भरावयाचे. आणि बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याचे पत्र व पस्तीस क्रमांकाचा नमुना जोडून बँकेचे नाव नोंदणीतून काढवून घ्यावयाचे. हे शेवटचे काम विकणाऱ्याकडूनच आधी पुरे करवून घ्यावे. 'पत्र येत आहे' या आश्वासनावर पैसे देणे म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला स्वतःची मोटार तारण ठेवणेच आहे. कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तेथली नवी नोंदणी करावी लागते, आणि त्याबरोबर तेथला रस्ताकरही भरावा लागतो. मोटारीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो खरा; पण कर्नाटकातील मोटारकर देशातील चढ्या करांपैकी आहे, आणि मोठ्या सेडानवर तो जुन्या मोटारीलाही चांगलाच जाणवतो. मूळ राज्यात उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. मात्र तो नवी नोंदणी झाल्याचा पुरावा जोडून, रीतसर अर्ज केल्यावर, आणि सरकारी चालीने. तेव्हा पुण्यात पन्नास हजारांनी स्वस्त दिसणारी मोटार बेळगावात स्वस्त राहते की नाही, हे कर विचारून मगच ठरवावे. तेथल्या परिवहन कार्यालयात मोटारीचे वर्ष आणि मूळ किंमत सांगितली की आकडा कळतो. त्यासाठी मोटार आधी विकत घ्यावी लागत नाही.

ग्वाल्हेर आणि इंदूर येथील लोकांना दिल्लीच्या मोटारींचा मोह असतो. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल मोटारींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली; २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अंमलबजावणीत काही ढिलाई दिली. या साऱ्या धाकाने तेथील आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल सेडानी पडत्या भावात बाहेर येतात. त्यांत चांगल्या मोटारीही असतात. परंतु दिल्लीचा ना-हरकत दाखला हाती आल्यावाचून, आणि तो ज्या जिल्ह्यात नोंदणी करावयाची त्याच जिल्ह्याच्या नावाचा आहे हे वाचल्यावाचून, इसाराचा एक रुपयाही देऊ नये. शिवाय खासगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तिचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. दहा वर्षांची मोटार घेणाऱ्याने हा खर्चही दृष्टीपुढे ठेवावा.

हे कागद खरे आहेत काय, हे पाहण्याची सोय आता घरबसल्या आहे. सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर मोटारीचा क्रमांक घातला की नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद दिसते. थकलेले दंडही दिसतात, आणि ते भरल्याशिवाय नाव बदलण्याचे काम सहसा अडते. मोटार चोरीची तर नाही ना, याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या सेवेतून काढता येतो. चासीवर कोरलेला क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी स्वतः अक्षर नि अक्षर ताडून पाहावा. त्या जागी घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या तर बोलणेच थांबवावे.

दुकानदाराकडून घ्यावी की थेट मालकाकडून? दुकानात निवड अधिक मिळते आणि काही जण सहा महिन्यांची हमीही देतात. पण दुकानदाराचा नफा किमतीत मिसळलेला असतो, आणि जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या त्या नफ्यावर १८ टक्के कर आहे. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीवर तो नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाचा अधिकारदाखला घ्यावयाचा असतो. तो प्रत्येक दुकानात भिंतीवर लागलेला दिसेलच असे नाही, विचारावा. ओळखीच्या निवृत्त गृहस्थाची, एकाच हातची, सर्व पावत्या जपून ठेवलेली मोटार दहा-वीस हजारांनी महाग असली तरी ती घ्यावी.

व्यवहाराच्या दिवशी रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि पावतीवर दिनांकाबरोबर वेळही लिहून घ्यावी. त्या वेळेपूर्वीच्या दंडाची व अपघाताची जबाबदारी विकणाऱ्याची, हे त्या पावतीत एका ओळीत नमूद करावे. मूळ आर. सी. पुस्तक, विम्याचे पत्र, प्रदूषण तपासणीचा दाखला, सह्या केलेले नमुने आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत हाती घेऊनच उठावे. टोलसाठी काचेवर चिकटविलेला फास्टॅग जुन्या मालकाच्या बँकखात्याशी जोडलेला असतो. तो बंद करून नवा घ्यावा. आणि दुसरी किल्ली मागून घ्यावी. ती हरवली आहे असे उत्तर आले तर नव्या मोटारींच्या विजेच्या किल्लीस काही हजार रुपये पडतात. तेवढे किमतीतून वजा करावेत.